घुंगरांचे दप्तर

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीविषयी एक स्वतंत्र अध्याय आहे, सत्ताविसावा, आणि त्यात प्रयोगाचे गुणदोष पारखणाऱ्या प्राश्निकांची जी यादी दिली आहे ती वाचताना आजच्या वाचकाला प्रथम मौज वाटते व मागाहून तिच्यातील शहाणपण ध्यानात येते. यज्ञकर्म जाणणारा, नर्तक, छंदःशास्त्राचा ज्ञाता, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायनवादनात मुरलेला गांधर्व आणि राजसेवक असे ते दहा जण. आणि प्रत्येकाने आपापल्या अधिकाराच्या बाबीपुरताच निवाडा द्यावा, म्हणजे पाठ्याचा विचार वैयाकरणाने करावा, नेपथ्याचा चित्रकाराने, अंगाच्या सौष्ठवाचा धनुर्धराने, स्वरतालाचा गांधर्वाने आणि अभिनयाचा नर्तकाने, अशी ती व्यवस्था. कलेची परीक्षा घेणे हा कलेचा उपमर्द होय, ही समजूत त्यामुळे आपल्याकडे तरी पुरातन म्हणता यावयाची नाही. परीक्षक कोण असावा आणि त्याने नेमके काय पाहावे, हाच काय तो जुना प्रश्न, आणि तो अद्याप सुटलेला नाही.

आज एखाद्या नृत्य महाविद्यालयाची अशी परीक्षा घेण्याचा अधिकार ज्या संस्थेकडे आहे ती राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, अर्थात सर्वतोमुखी झालेल्या नावाने ‘नॅक’. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणाच्या खालावत्या दर्जाविषयी जी चिंता व्यक्त केली होती तिची परिणती म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ साली ही स्वायत्त संस्था स्थापिली आणि तिचे मुख्यालय बंगळुरूस ठेवले. तिच्या कार्यपद्धतीतील विशेष असा की पहिला शब्द परीक्षकाचा नसतो, परीक्षार्थीचा असतो. संस्थेने गेल्या पाच वर्षांचा आपला कारभार स्वतःच तपासून स्वयंमूल्यमापनाचा एक अहवाल लिहावयाचा, त्यातील प्रत्येक विधानास दाखला जोडावयाचा. मग परिषदेने त्या आकड्यांची शहानिशा करावयाची, विद्यार्थ्यांना परस्पर प्रश्नावली पाठवून त्यांचे समाधान अजमावयाचे, आणि अखेरीस बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने भेट देऊन आपला अभिप्राय नोंदवावयाचा, असा हा क्रम राहिला आहे. आजवरच्या पद्धतीत चारपैकी ३.५१ वा त्याहून अधिक गुणांक मिळाल्यास ‘ए डबल प्लस’ ही सर्वोच्च श्रेणी मिळत आली आहे, आणि १.५० पर्यंतच अडकलेल्या संस्थेस अधिस्वीकृती नाकारली गेली आहे. बारावी झालेली मुलगी भरतनाट्यम् किंवा कथकचीच पदवी घेईन म्हणून हटून बसते तेव्हा तिचे वडील संस्थेच्या माहितीपत्रकावर प्रथम शोधतात ते हेच अक्षर. म्हणून हा विषय केवळ प्राचार्यांच्या दालनातला राहिलेला नाही.

नृत्य विद्यापीठाच्या आवारात आले ते फार पूर्वी नव्हे. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांचा तंजावरच्या राजकुळाशी विवाहसंबंध जुळला आणि त्या निमित्ताने दक्षिणेच्या नृत्यांगना बडोदे दरबारी आल्या. पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात नृत्याला पदवीच्या अभ्यासक्रमाची प्रतिष्ठा लाभली. मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी नालंदा नृत्यकला महाविद्यालय उभे करून मोहिनीआट्टम् आणि भरतनाट्यम् यांना मुंबई विद्यापीठाच्या पदवीपर्यंत नेले. पुण्यात १९४७ साली ‘नृत्यभारती’ची स्थापना करणाऱ्या रोहिणी भाटे यांच्यासारख्या गुरूंनी कथकच्या शिक्षणाला शास्त्रीय बैठक दिली, आणि १९८७ पासून पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने गुरुकुल पद्धती व विद्यापीठीय शिस्त यांचा संयोग घडविण्याचा प्रयत्न चालविला. याआधी व याच्या जोडीने अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारापर्यंतच्या परीक्षा होत्याच व आहेतही. पण त्या परीक्षा विद्यार्थ्याच्या, संस्थेच्या नव्हेत. गुरूच्या घरी शिकणाऱ्या मुलीची प्रगती गुरूच्या नजरेत नोंदलेली असे, आणि त्या नोंदीची नक्कल मागण्याचा कोणाला अधिकार नव्हता. नॅकचा अहवाल लिहावयास बसणाऱ्या नृत्यविभागासमोरची खरी अडचण येथे आहे: जी विद्या शतकानुशतके कागदावाचून चालत आली, तिची पाच वर्षांची खतावणी त्याला सादर करावयाची असते.

आणि ही खतावणी ज्या नमुन्यात भरावयाची, तो नमुना काही नृत्यासाठी आखलेला नाही. नॅक संपूर्ण संस्थेस अधिस्वीकृती देते, एकेका विषयाच्या अभ्यासक्रमास नव्हे. त्यामुळे मोठ्या विद्यापीठातील नृत्यविभागाचे स्वयंमूल्यमापन रसायनशास्त्र व वाणिज्य यांच्या शेजारी एका प्रकरणात मावते, आणि केवळ नृत्यच शिकविणाऱ्या संलग्न महाविद्यालयाला मात्र तोच सर्वसामान्य नमुना एकट्याने अंगावर चढवावा लागतो. अभ्यासक्रम, अध्यापन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, भौतिक सुविधा, विद्यार्थ्यांचे साहाय्य व प्रगती, प्रशासन, आणि संस्थात्मक मूल्ये व उत्तम उपक्रम असे त्याचे सात निकष असून, संलग्न महाविद्यालयांसाठी एकूण १००० गुणांपैकी ३५० एकट्या अध्यापन व मूल्यमापनाला दिलेले आहेत. २०१७ च्या सुधारणेनंतर एकंदर भाराचा सुमारे ७० टक्के हिस्सा आकड्यांनी द्यावयाच्या उत्तरांवर गेला आणि वर्णनात्मक उत्तरांस उरला तो सुमारे ३० टक्के. आकड्यांवरचा हा भर मनमानीला आळा घालण्यासाठी होता, व तो हेतू रास्तच म्हणावा लागेल. पण नृत्याच्या वर्गात आकडे कसे वागतात ते पाहिले पाहिजे.

अध्यापकांचेच घ्या. पूर्णवेळ अध्यापकांपैकी किती जण नेट, सेट अथवा पीएच.डी. झालेले आहेत, याची टक्केवारी नमुना मागतो. आता गंमत अशी की, अध्यापकांच्या नेमणुकीसंबंधीचे आयोगाचेच २०१८ चे विनियम संगीत व नृत्य या विषयांत एक वेगळी वाट मोकळी ठेवतात: ज्याने नामांकित गुरूपाशी अध्ययन केले आहे, जो आकाशवाणी वा दूरदर्शनचा ‘ए’ श्रेणीचा कलावंत आहे आणि ज्याच्या अंगी विषय सोदाहरण शिकविण्याचे सामर्थ्य आहे, अशा व्यावसायिक कलावंतास विषयातील पदवी असल्यास सहायक प्राध्यापक नेमता येते. म्हणजे एका हाताने आयोग गुरूला दार उघडून देतो आणि दुसऱ्या हाताने परिषदेचा नमुना त्याच्या नावापुढे शून्य मांडतो. तीस वर्षे रंगमंच गाजवून आलेला अध्यापक त्या रकान्यात महाविद्यालयाला उणाच पडतो. अशा वेळी शहाणा प्राचार्य त्या टक्केवारीशी झुंजत बसत नाही. ती जशी आहे तशी नोंदवून, जेथे शब्दांना वाव आहे तेथे त्या गुरूची परंपरा, त्याच्या हाताखालून गेलेले शिष्य, त्याने बसविलेल्या रचना व त्यांचे प्रयोग यांचा सप्रमाण तपशील देतो. यालाही कात्रणे लागतात, निमंत्रणपत्रिका लागतात, आयोजकांची पत्रे लागतात. आणि कलावंत मंडळी या बाबतीत किती बेफिकीर असतात हे सांगावयास नकोच.

साथीदारांची स्थिती तर याहून चमत्कारिक. कथकच्या वर्गात तबला व लेहरा, भरतनाट्यम् च्या वर्गात नट्टुवांग व मृदंग यांवाचून खरे शिक्षण होत नाही. तालाशी चाललेला जिवंत संवाद ध्वनिमुद्रणावर शिकता येत नाही, कारण यंत्र विद्यार्थिनीची चूक ऐकून थांबत नाही. तरीही साथीदार बहुतेक ठिकाणी तासिका तत्त्वावर, क्वचित किरकोळ खर्चाच्या बाबीतून, मानधनावर येतो आणि पूर्णवेळ अध्यापकांच्या गणनेत त्याला स्थान नसते. अहवालात त्याचा उल्लेख आलाच तर तो जमाखर्चाच्या परिशिष्टात येतो. माझ्या मते नृत्याच्या कोणत्याही स्वयंमूल्यमापनात आठवड्यातील किती तास प्रत्यक्ष साथीने शिकविले जातात हा आकडा पहिल्या पानावर असावयास हवा, मग नमुन्याने तो मागितलेला असो वा नसो.

संशोधनाच्या निकषात नियतकालिकांतील निबंध मोजले जातात. नृत्यातला प्रबंध पुष्कळदा रंगमंचावर लिहिला जातो: एखादी लुप्तप्राय रचना जुन्या हस्तलिखितावरून पुन्हा उभी करणे, एखाद्या संतरचनेतील संचारी भावांचा विस्तार नव्याने शोधणे, एका तालातील रचना दुसऱ्या तालात नेताना होणाऱ्या बदलांचा प्रत्यक्ष प्रयोग करणे. अभिनयदर्पणासारखा ग्रंथ रोहिणीताईंनी मराठीत आणला त्यामागे जितका व्यासंग होता तितकाच त्यांच्या नृत्यरचनांमागेही होता. परंतु पहिला कागदावर उमटला म्हणून मोजता येतो आणि दुसरा प्रेक्षागृहातील दिवे लागताच विरून जातो. यावर उपाय एकच दिसतो, आणि तो कलावंतांना रुचत नाही: प्रत्येक नव्या रचनेबरोबर तिची लेखी टिपणे, तालाची लिपी, संदर्भ आणि चित्रमुद्रण जपून ठेवणे व त्यांवर निबंध लिहून तो छापणे. हे केवळ गुणांसाठी करावे असे मी म्हणणार नाही. अशी टिपणे पन्नास वर्षांपूर्वी ठेवली गेली असती तर आज कितीतरी रचनांसाठी वृद्ध शिष्यांच्या स्मृतीवर विसंबून राहण्याची वेळ आली नसती.

विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा निकष आणखी एक पेच उभा करतो. पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली, किती जण उच्च शिक्षणाकडे वळले, असा प्रश्न. वाणिज्य महाविद्यालय कंपन्यांची नियुक्तीपत्रे जोडून मोकळे होते. नृत्याची पदवीधर मुलगी बहुधा आपल्या गावी परत जाऊन एखाद्या देवळाच्या सभामंडपात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास सुरू करते, तेथे मुलींना शिकविते, वर्षाकाठी एखादा कार्यक्रम बसविते. हे स्वयंरोजगाराचे उत्तम उदाहरण. पण तिच्यापाशी नियुक्तीपत्र कोठून येणार? ज्या महाविद्यालयांनी माजी विद्यार्थिनींशी संबंध राखला, त्यांच्या क्लासची नोंदणी, परीक्षांना बसविलेल्या मुलींची यादी, कार्यक्रमांच्या पत्रिका यथाकाल मागवून ठेवल्या, त्यांची ही बाजू भक्कम होते. ज्यांनी अहवालाच्या ऐन धामधुमीत दूरध्वनी फिरवावयास आरंभ केला, त्यांची होत नाही. सांस्कृतिक स्पर्धांतील पारितोषिकांच्या रकान्यात मात्र नृत्य महाविद्यालय सहज बाजी मारते. इतर महाविद्यालयांत जो अभ्यासाबाहेरचा उपक्रम, तोच येथे अभ्यास असल्याने एकच कार्यक्रम अध्यापनाच्या निकषात दाखवावा की सांस्कृतिक उपक्रमांच्या, याचा खल बैठकांतून दीर्घकाळ चालतो.

भौतिक सुविधांच्या निकषात संगणक, ग्रंथालय, इंटरनेट यांची चौकशी सविस्तर होते, आणि ती योग्यच आहे. परंतु नर्तकाची पहिली भौतिक सुविधा म्हणजे पायाखालची जमीन. सिमेंटच्या किंवा फरशीच्या कठीण जमिनीवर अनवाणी पायांनी तासन् तास तत्कार वा अडवू करणाऱ्या विद्यार्थिनीचा घोटा, नडगी, गुडघा आणि कंबर त्या आघाताची किंमत मोजतात. म्हणून नृत्यशाळेची जमीन लाकडी आणि खाली किंचित पोकळी राखून लवचीक केलेली असावी, हे जगभर मान्य झालेले तत्त्व आहे. आपल्या कित्येक नृत्यवर्गांत ते अजून स्वप्नवत् आहे. अहवाल लिहिणाऱ्याने येथे खोल्यांची संख्या सांगून थांबू नये. खोलीचे क्षेत्रफळ, एका वेळी नाचणाऱ्या विद्यार्थिनींची संख्या, जमिनीचा प्रकार, दुखापतींची नोंद व त्यांवरील उपचारांची तजवीज हे सर्व द्यावे, आणि जमीन सिमेंटची असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

अमेरिकेतील उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तेथे विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्गारेट एच’डब्लर या विदुषीच्या खटपटीने १९२६ साली नृत्याचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, आणि १९८१ साली केवळ नृत्यशिक्षणाच्या अधिस्वीकृतीसाठी ‘नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ डान्स’ ही संघटना स्थापन झाली. तेथेही विभागाला स्वतःचा अभ्यास स्वतः करून सविस्तर अहवाल लिहावा लागतो, मग बाहेरचे परीक्षक येतात, व अंतिम निर्णय त्या संघटनेच्या आयोगाकडे जातो. मात्र ते परीक्षक नृत्यशिक्षणाच्या क्षेत्रातीलच असतात, ते चालू वर्गात जाऊन बसतात, विद्यार्थ्यांचे सादरीकरण पाहतात. आणि नर्तकाच्या शरीराचे आरोग्य व सुरक्षितता यांविषयी विद्यार्थ्यांना माहिती दिली जाते की नाही, हा तेथे मानकांचा भाग आहे. प्राश्निकांत नर्तक हवाच, हे भरताचे म्हणणे त्या लोकांनी न वाचताच अंमलात आणले. आपल्याकडे येणाऱ्या समितीत नृत्याचा जाणकार असेलच अशी शाश्वती नसते, म्हणून आपल्या अहवालावर अधिक भार पडतो: ज्याने आयुष्यात कधी पायात घुंगरू बांधले नाहीत अशा सुजाण प्राध्यापकालाही, येथे काय शिकविले जाते व ते कसे कळते, हे त्यातून उमगले पाहिजे.

‘कसे कळते’ याचे उत्तर देण्यासाठी हल्ली अध्ययननिष्पत्तींचा आग्रह धरला जातो. पदवीअखेर विद्यार्थिनीला काय करता यावे, हे आधी लिहा. मग ते आले की नाही, हे मोजा. प्रथमदर्शनी ही भाषा नृत्यवर्गाला परकी वाटते, आणि कित्येक अहवालांत ‘सर्वांगीण विकास’ व ‘सौंदर्यदृष्टी’ असल्या पोकळ शब्दांनी रकाने भरलेले आढळतात. वस्तुतः नृत्याइतका हा आग्रह सहज पुरविणारा दुसरा विषय विरळा. तीनतालात तत्कार एकपट, दुप्पट आणि चौपट लयीत सम न चुकविता करता येणे, तिहाई स्वतः रचून पढंत करणे, अपरिचित पदावर अभिनय बसविणे, एखाद्या मुद्रेचे विनियोग श्लोकासह सांगून प्रत्यक्ष दाखविणे, ही सारी कौशल्ये स्पष्ट, पाहता येण्याजोगी आणि परीक्षकागणिक फारशी न बदलणारी आहेत. त्यांहून सबळ पुरावा आणखी एक आहे. पहिल्या वर्षी जून महिन्यात विद्यार्थिनीने केलेला तत्कार आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तिने केलेला तोच तत्कार ही दोन चित्रमुद्रणे शेजारी ठेवली, तर अध्यापनाच्या परिणामाविषयी आणखी युक्तिवाद करण्याची गरज उरत नाही. अशी मुद्रणे तीन वर्षे सांभाळण्यास खर्च फारसा येत नाही, शिस्त मात्र लागते.

शिस्तीचा अभाव हाच या प्रकरणातील सर्वांत मोठा रोग. संस्थेची प्राथमिक माहिती परिषदेने स्वीकारल्यावर पूर्ण अहवाल सादर करण्यास ४५ दिवसांची मुदत असते. पाच वर्षांचे हजेरीपट, बैठकांची इतिवृत्ते, अंतर्गत गुणांची पत्रके, दुरुस्तीची बिले आणि कार्यक्रमांची छायाचित्रे त्या ४५ दिवसांत गोळा करावयास निघालेल्या महाविद्यालयात काय धांदल उडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना लग्नघराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष नावाची यंत्रणा प्रत्येक संस्थेत असावी आणि तिने दरवर्षी आपला अहवाल पाठवावा, ही योजना मुळात ही धांदल टाळण्यासाठीच आहे. परंतु कक्ष पाटीपुरता राहिला की मग मागील तारखांची इतिवृत्ते लिहिण्याचा मोह होतो, अहवाल बाहेरच्या सल्लागाराकडून लिहवून घेतला जातो, आणि शेजारच्या जिल्ह्यातील महाविद्यालयाचीच वाक्ये नाव बदलून आपल्या अहवालात येऊन बसतात. या व्यवहाराची मजल कोठवर जाऊ शकते हे २०२५ च्या फेब्रुवारीत दिसले: अनुकूल मानांकनासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने आंध्र प्रदेशातील एका संस्थेच्या भेटीस गेलेल्या समितीच्या सदस्यांनाच अटक केली.

त्यापूर्वीच, २०२४ च्या जानेवारीत, डॉ. के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींस अनुसरून परिषदेने श्रेणी मोडीत काढून ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ एवढाच निकाल देण्याची आणि पुढील टप्प्यात एक ते पाच अशा परिपक्वतेच्या पायऱ्या लावण्याची सुधारणा जाहीर केली होती. समित्यांच्या प्रत्यक्ष भेटींवरील भिस्त कमी करून माहितीच्या संगणकीय पडताळणीवर भर देण्याचा तिचा रोख आहे. लाचलुचपतीला यामुळे पायबंद बसेल तर ते हवेच आहे. पण नृत्याच्या दृष्टीने मला यात भय वाटते ते असे की, वर्गात येऊन बसणारा, अपुरा का होईना, एक मनुष्य होता. तोही गेला तर उरेल फक्त रकाना, आणि रकान्याला ताल ऐकू येत नाही.

तेव्हा आपली बाजू आपणच मांडणे आले, आणि ती मांडताना उणिवा लपवू नयेत, हे माझे या विषयातील मुख्य म्हणणे आहे. संस्थेची बलस्थाने, उणिवा, संधी व आव्हाने यांचा गोषवारा अहवालाच्या प्रारंभीच मागितलेला असतो. बहुतेक जण उणिवांच्या जागी एखादे निरुपद्रवी वाक्य लिहून वेळ मारून नेतात, ‘शहराच्या मध्यवस्तीत जागेची टंचाई’ यासारखे. ज्या विभागाने तेथे लाकडी जमीन नाही, साथीदाराचे पद मंजूर नाही, लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुली प्रयोगात मागे पडतात, असे निर्भीडपणे लिहिले, त्याला गुण कदाचित कमी मिळतील. परंतु व्यवस्थापनाकडे निधी मागण्यासाठी तोच कागद त्याच्या हाती राहतो. पुष्कळशा संस्थांत नृत्यशाळेची जमीन बदलली जाण्याची वेळ येते ती अशा लेखी कबुलीनंतरच, गुरुजनांच्या तोंडी तक्रारीने नव्हे.

ज्या विभागप्रमुखांचे मूल्यांकन नजीक आले आहे, त्यांनी येत्या जूनपासूनच प्रवेशाच्या दिवशीचे चित्रमुद्रण, साथीचे तास, दुखापतींची नोंद आणि माजी विद्यार्थिनींचे पत्ते यांची वही उघडावी. आणि मुलीला नृत्याच्या पदवीसाठी पाठवू इच्छिणाऱ्या पालकांनी केवळ श्रेणीच्या अक्षरावर समाधान मानू नये. हा अहवाल संस्थेला आपल्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो, तो उघडून प्रथम उणिवांचा परिच्छेद वाचावा, आणि तेथे जमिनीचा, साथीदारांचा व अध्यापकांच्या नेमणुकांचा उल्लेख नसेल, तर प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी प्राचार्यांना त्याविषयी समक्ष विचारावे.